मिरचीच्या रोपांसाठी भांड्यांचे आकारमान व लागवडीतील अंतर

मिरची हे महाराष्ट्रात घरोघरी रोज लागणारे आणि थोड्या क्षेत्रातही रोख पैसा हाती देणारे पीक आहे. नंदुरबारची लाल मिरचीची बाजारपेठ, गडहिंग्लजच्या बाजारात येणारी संकेश्वरी आणि भौगोलिक मानांकन लाभलेली भिवापूरची मिरची ही नावे सर्वांच्या परिचयाची आहेत. शेतकरी बियाण्याची निवड चोखंदळपणे करतो, खत व औषधे यांवरही खर्च करतो. परंतु एका रोपास किती जागा द्यावयाची, या प्रश्नाचा विचार मात्र बहुधा लागवडीच्या दिवशी, बांधावर उभे राहूनच केला जातो. परसबागेतही तोच प्रकार आढळतो. हाताशी आलेल्या डब्यात रोप लावले जाते आणि पुढे फुले गळू लागली म्हणजे बियाण्यास दोष दिला जातो.

गादीवाफ्यावर रोपांची दाटी होणे, लहान कुंडीत मोठे झाड वाढवणे आणि शेतात झाडे जवळजवळ लावणे या तीन वेगळ्या चुका वाटतात. वस्तुतः ती एकच चूक आहे. प्रत्येक ठिकाणी एका रोपाच्या वाट्याची माती, पाणी, ऊन व हवा दुसऱ्याला वाटून दिली जाते किंवा मुळातच कमी पडते. यास्तव भांड्याचे आकारमान व लागवडीतील अंतर यांचा विचार या लेखात एकत्र केला आहे.

मुळांचा वाटा व पानांचा वाटा

मिरचीच्या झाडास दोन प्रकारची जागा लागते. एक जमिनीखाली मुळांसाठी व दुसरी जमिनीवर पानांसाठी. बी जेथे पेरले तेथेच झाड वाढू दिल्यास सोटमूळ सरळ खाली जाते. रोप उपटून दुसरीकडे लावताना मात्र सोटमुळाचे टोक बहुधा तुटते व आडव्या मुळांचा विस्तार होतो. त्यामुळे पुनर्लागवड केलेल्या मिरचीची बहुतेक कामकरी मुळे जमिनीच्या वरच्या एक ते दीड फुटाच्या थरातच असतात. झाडाचे पाणी व अन्न मुख्यतः याच थरातून येते.

पानांचा वाटा डोळ्यांना दिसतो. झाड पूर्ण वाढल्यावर दुपारच्या वेळी त्याची जेवढी सावली पडते, तेवढी जागा त्याची समजावी. पुसा ज्वालासारख्या बुटक्या व फांद्या अधिक असलेल्या वाणाची ही जागा सामान्यतः एक हात लांब व एक हात रुंद, म्हणजे ४५ सें.मी. चौरस असते. संकेश्वरीसारख्या उंच वाढणाऱ्या वाणास भारी जमिनीत ६० सें.मी. किंवा त्याहूनही अधिक जागा लागते. शेतात दोन्ही वाटे अंतरानेच ठरतात. कुंडीत मुळांचा वाटा कुंडीच्या आकारमानाने ठरतो व पानांचा वाटा दोन कुंड्यांमधील अंतराने. हा भेद ध्यानात ठेवल्यास पुढील हिशेब सोपा होतो.

गादीवाफ्यावरील दाटी

दाटीची पहिली चूक रोपवाटिकेत होते. मिरचीच्या एक ग्रॅम बियाण्यात सुमारे दीडशे बिया असतात. पारंपरिक पद्धतीत हेक्टरी एक ते सव्वा किलो बियाणे वापरले जाते. म्हणजे किमान दीड लाख बिया पेरल्या जातात. एका हेक्टरात ६० × ४५ सें.मी. अंतराने लागतात ती रोपे सुमारे ३७,०००. याचा अर्थ असा की, चार बियांमागे एकच रोप शेतात पोहोचते. उरलेल्या बियांपैकी काही उगवत नाहीत, हे खरे. परंतु पुष्कळशी रोपे दाटीमुळे वाफ्यावरच नष्ट होतात.

बी फेकून पेरल्यास रोपे झुबक्यांनी उगवतात. त्यांच्या बुंध्याशी हवा खेळत नाही, माती सतत ओली राहते व रोपे कोलमडण्याचा रोग बळावतो. या रोगाची बुरशी ओल्या मातीतून एका रोपावरून दुसऱ्यावर जाते. सकाळी ताठ दिसणारी रोपे जमिनीलगत मऊ पडून संध्याकाळपर्यंत आडवी होतात. जी वाचतात ती उजेडासाठी उंच व लुकडी होतात. असे रोप शेतात लावल्यावर वाऱ्याने लवते व त्याची मुळे धरण्यास विलंब लागतो.

यासाठी ३ मीटर लांब, १ मीटर रुंद व सुमारे २० सें.मी. उंच गादीवाफा करून, रुंदीला समांतर, एकमेकींपासून १० सें.मी. अंतरावर रेघा ओढाव्यात आणि बी ओळीतच पातळ पेरावे. बी एक सें.मी.पेक्षा फार खोल जाऊ देऊ नये. रोपांना दोन खरी पाने आल्यावर विरळणी करून दोन रोपांत अडीच सें.मी. अंतर राखावे. अशा वाफ्याच्या एका चौरस मीटरवर ४०० व संपूर्ण वाफ्यावर १,२०० रोपे मिळतात. विरळणी करताना उगवलेले रोप उपटून टाकणे शेतकऱ्याच्या जिवावर येते. तथापि जे रोप आज काढले नाही ते उद्या शेजारच्या दोघांना घेऊन बसते, हे त्यास प्रत्यक्ष वाफ्यावर दाखवून द्यावे.

पांढरी माशी पानांच्या चुरडामुरड्याच्या विषाणूचा प्रसार करते. फुलकिडे व कोळी रस शोषूनही पाने आकसवतात. फुलकिड्यांमुळे पानांच्या कडा वरच्या बाजूस वळतात, तर कोळ्यांमुळे खालच्या बाजूस. वाफ्यावर किंवा ट्रेवर बारीक छिद्रांची कीटकरोधक जाळी पहिल्या दिवसापासून लावल्यास रोपे या किडींपासून पुष्कळ अंशी सुरक्षित राहतात. परंतु जाळीच्या आत हवा कमी खेळते. म्हणून जाळी वापरणाऱ्याने विरळणीकडे अधिकच लक्ष पुरवावे.

कप्प्यांचे ट्रे व पिशव्या

अलीकडे मिरचीची रोपे ९८ कप्प्यांच्या प्लास्टिक ट्रेमध्ये, नारळाच्या काथ्याच्या भुशात वाढवण्याची पद्धत रूढ झाली आहे. प्रत्येक कप्प्यात एकच बी टाकले जाते. त्यामुळे दाटीचा प्रश्न उरत नाही व महाग संकरित बियाणे वाया जात नाही. रोप मुळांच्या गड्ड्यासह निघत असल्याने ते शेतात लवकर जीव धरते.

या पद्धतीची मर्यादाही जाणून घेतली पाहिजे. एका कप्प्यात साधारण पाच-सहा चहाचे चमचे एवढाच भुसा मावतो. एवढ्या साठ्यावर रोप ३० ते ३५ दिवस चांगले राहते. पाऊस लांबला व लागवड पुढे गेली तर मुळे कप्प्याच्या भिंतीशी गोल गुंडाळू लागतात. अशी मुळे शेतात लावल्यावरही कित्येक दिवस त्याच वेटोळ्यात राहतात. रोप तयार झाले की नाही हे पाहण्यासाठी एक रोप अलगद बाहेर काढावे. गड्डा अखंड निघाला, कडेला पांढरी मुळे दिसली व भुसाही अजून दिसत असला, तर रोप लागवडीस योग्य समजावे. नुसत्या तपकिरी मुळांचा गुंडा निघाला, तर उशीर झाला आहे असे समजावे. गादीवाफ्यावरील रोप ४० ते ४५ दिवसांत लागवडीस येते.

पावसाच्या भरवशावर लागवड करणाऱ्यास ट्रेमधील रोपे अडकून पडण्याचा धोका असतो. ज्यांच्याकडे रोपांची संख्या थोडी आहे, त्यांनी अशा वेळी ४ × ६ इंची पिशव्यांचा आश्रय घ्यावा. अशी पिशवी भरल्यावर तीत पाव लिटरहून अधिक माती मावते व रोप आणखी दोन-तीन आठवडे निर्धास्त राहू शकते. परसबागेसाठी रोपे विकणाऱ्या महिला बचत गटांनाही पिशवीतील रोप सोयीचे पडते. कारण गिऱ्हाईक घरी नेऊन ते लगेच लावीलच, असा नेम नसतो.

मोठ्या झाडास किती लिटरची कुंडी लागते?

कुंडी किती मोठी असावी, याचे उत्तर मातीपेक्षा पाण्याच्या हिशेबाने चांगले समजते. बुटक्या वाणाच्या पूर्ण वाढलेल्या झाडाची जागा सुमारे एक चौरस हात, म्हणजे एका चौरस मीटरचा पाचवा भाग असते. एक चौरस मीटरवरून एक मिलिमीटर पाणी उडाले म्हणजे ते एक लिटर होते. हिवाळ्यातील कोरड्या दिवशी सुमारे ५ मिलिमीटर पाणी उडते असे धरल्यास या झाडास दिवसाला एक लिटर पाणी लागते. एप्रिल-मे महिन्यांत हेच प्रमाण ८ ते १० मिलिमीटरपर्यंत जाते व झाडाची गरज दीड ते दोन लिटर होते.

आता कुंडीचा साठा पाहावा. चांगल्या माती-खताच्या मिश्रणात झाडास प्रत्यक्ष उपयोगी पडणारे पाणी मिश्रणाच्या आकारमानाच्या सुमारे एक पंचमांश असते. या हिशेबाने निरनिराळ्या भांड्यांची स्थिती पुढीलप्रमाणे होते. काठापासून दोन बोटे जागा पाण्यासाठी मोकळी सोडली आहे, असे येथे धरले आहे.

कोष्टक १ : भांडे, त्यात मावणारे मिश्रण व उपयोगी पाणी

८ इंची कुंडी : मिश्रण सुमारे ४ लिटर, उपयोगी पाणी पाऊण लिटर.
१० इंची कुंडी : मिश्रण सुमारे ८ लिटर, उपयोगी पाणी दीड लिटर.
१२ इंची कुंडी : मिश्रण सुमारे १४ लिटर, उपयोगी पाणी पावणेतीन लिटर.
तेलाचा १५ किलोचा चौकोनी डबा : मिश्रण सुमारे १७ लिटर, उपयोगी पाणी सव्वातीन ते साडेतीन लिटर.

यावरून असे दिसते की, ८ इंची कुंडीतील मोठे झाड हिवाळ्यातही सकाळच्या पाण्यावर संध्याकाळ गाठू शकत नाही. दुपारनंतर ते मलूल होते, संध्याकाळी पाणी दिल्यावर पुन्हा टवटवीत दिसते आणि मालकास वाटते की काही बिघडले नाही. परंतु रोजच्या या ताणाने प्रथम फुले व नंतर लहान फळे गळतात. झाड जगते, मात्र मिरची देत नाही. १० इंची कुंडीस हिवाळ्यात रोज एकदा व उन्हाळ्यात दोनदा पाणी द्यावे लागते. १२ इंची कुंडी वा तेलाचा डबा हिवाळ्यात दोन दिवसांचा खाडा सोसू शकतो.

म्हणून बुटक्या वाणास किमान ८ लिटर, उंच व पसरट वाणास १२ ते १५ लिटर, आणि छाटणी करून एकाहून अधिक वर्षे ठेवावयाच्या झाडास २० लिटर मिश्रण मावेल असे भांडे निवडावे. ज्या घरातील सर्व माणसे सकाळी मजुरीस जातात व संध्याकाळी परततात, तेथे बुटक्या वाणासही १२ इंची कुंडी द्यावी. भांडे मोठे असणे म्हणजे दुपारी पाणी घालणारा माणूस घरी असण्यासारखे आहे.

भांड्यात किती मावते हे विक्रेत्याच्या सांगण्यावरून ठरवू नये. पिशव्यांची मापे कधी भरलेल्या स्थितीतील, तर कधी चपट्या स्थितीतील दिलेली असतात. एक लिटरच्या मापाने कोरडी माती मोजून भांडे भरावे, म्हणजे खरे आकारमान कळते.

एका कुंडीत दोन-तीन रोपे लावण्याचा मोहही पुष्कळांना होतो. १४ लिटरच्या कुंडीत दोन रोपे लावल्यास प्रत्येकाच्या वाट्यास ७ लिटर माती येते व कोणत्याही रोपाचा वाटा पुरा होत नाही. रोप मरण्याची भीती असल्यास सुरुवातीस दोन रोपे लावावीत. परंतु तीन आठवड्यांनी जोमदार रोप ठेवून दुसरे जमिनीलगत कापून टाकावे. ते उपटू नये, कारण त्यामुळे शेजारच्या रोपाची मुळे दुखावतात.

खोली व निचरा

दोन भांड्यांत सारखीच माती मावत असली तरी उथळ भांड्यापेक्षा खोल भांडे मिरचीस अधिक मानवते. कोणत्याही कुंडीत पाणी दिल्यावर तळाचा दोन-तीन बोटांचा थर पूर्ण ओला राहतो. कितीही छिद्रे पाडली तरी तो लवकर रिकामा होत नाही. खोल कुंडीत हा थर मुळांच्या मुख्य भागापासून दूर राहतो. उथळ भांड्यात मात्र निम्मी माती चिंब राहून मुळांना हवा मिळत नाही.

ही गोष्ट गावातील सभेत सहज दाखवता येते. आंघोळीचा लांबट स्पंज पाण्यात भिजवून आडवा धरावा. पाणी ठिबकणे थांबले की तोच स्पंज उभा करावा. तो पुन्हा ठिबकू लागतो. स्पंज तोच, त्यातील पाणीही तेच. परंतु उंची वाढताच जादा पाणी खाली उतरते. खोल व उथळ कुंडीतील भेद हाच होय.

याच कारणाने कुंडीच्या तळाशी खडीचा जाड थर घालण्याची चाल सोडून द्यावी. खडीने निचरा सुधारत नाही. ओला थर खडीच्या वर सरकतो व मुळांच्या वाट्याची खोली मात्र कमी होते. छिद्रावर खापराचा एक तुकडा पुरेसा आहे. तळाशी बोट जाईल एवढी तीन-चार छिद्रे पाडावीत आणि भांडे दोन विटांवर ठेवावे, म्हणजे छिद्रे बुजत नाहीत. मिरचीसाठी भांड्याची खोली किमान एक वीत, शक्यतो एक फूट असावी.

मिश्रणासाठी दोन भाग पोयट्याची माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत व एक भाग जाड वाळू घ्यावी. जेथे काळी मातीच उपलब्ध आहे तेथे ती निम्म्याहून कमी ठेवून भाताचे तूस किंवा काथ्याचा भुसा मिसळावा. नुसती काळी माती कुंडीत आवळून बसते व वाळल्यावर भांड्याची कड सोडते. मग घातलेले पाणी कडेने वाहून जाते व मधला गोळा कोरडाच राहतो.

घरातील भांड्यांचा उपयोग

विकतच्या कुंडीचा आग्रह धरण्याचे कारण नाही. तेलाचा चौकोनी डबा हे मिरचीस उत्तम भांडे आहे. तो सुमारे २३ सें.मी. चौरस व ३५ सें.मी. उंच असतो. झाकणाकडील पत्रा काढून तो उभा वापरल्यास एका उंच झाडास पुरतो. मधोमध आडवा कापल्यास एका वितीपेक्षा कमी खोलीचे दोन तुकडे होतात व प्रत्येकात साडेसात लिटर मिश्रण मावते. ते बुटक्या वाणास कसेबसे चालते. उभा चिरून दोन पसरट भाग केल्यास खोली चार-पाच इंचच राहते. असे भाग रोपे तयार करण्यास किंवा कोथिंबिरीस चांगले, पण मोठ्या मिरचीस निरुपयोगी होत. पत्र्याच्या कडा दुमडून घ्याव्यात, म्हणजे हात कापत नाहीत.

रंगाची वीस लिटरची बादली स्वच्छ धुऊन वापरता येते. खताची विणलेली रिकामी पोती कडा दुमडून निम्मी भरल्यास एक हंगाम काम देतात. पुढे उन्हाने ती फाटतात. कीटकनाशकांचे व तणनाशकांचे रिकामे डबे मात्र कितीही धुतले तरी खाण्याच्या पिकासाठी कदापि वापरू नयेत.

काळ्या पिशव्या व पत्र्याचे डबे उन्हाळ्यात पश्चिमेच्या उन्हाने तापतात व कडेची मुळे भाजतात. त्यांना बाहेरून चुना लावावा अथवा गोणपाट गुंडाळावे. गच्चीवर भांडी ठेवताना वजनाचा विचार करावा. १२ इंची कुंडी ओली असताना सुमारे २० किलो भरते. अशा वीस कुंड्यांचे वजन ४०० किलो होते. ती भिंतींच्या व तुळयांच्या रेषेवर विभागून ठेवावीत, स्लॅबच्या मध्यभागी एकत्र रचू नयेत.

कुंड्यांमधील अंतर

कुंड्यांमधील अंतर कडेपासून कडेपर्यंत न मोजता खोडापासून खोडापर्यंत मोजावे. १२ इंची कुंड्या एकमेकींस चिकटवून ठेवल्यास दोन खोडांत ३० सें.मी. अंतर राहते. बुटक्या झाडासही ४५ सें.मी. लागतात. म्हणजे मुळांचा वाटा पुरा मिळूनही पानांचा वाटा कमी पडतो. आतील पाने पिवळी पडतात, किडी एका झाडावरून दुसऱ्यावर सहज जातात व भुरी रोग लपून वाढतो. यासाठी बुटक्या वाणाच्या दोन कुंड्यांच्या कडांमध्ये किमान १५ सें.मी. व उंच, पसरट वाणाच्या कुंड्यांमध्ये ३० सें.मी. मोकळी जागा ठेवावी.

कुंडी हलवता येते, हा तिचा शेतावरील मोठा फायदा आहे. रोपे लहान असताना कुंड्या जवळ ठेवाव्यात, म्हणजे पाणी देणे व जाळी घालणे सोपे जाते. शेजारच्या झाडांची पाने एकमेकांस टेकू लागली की कुंड्या सरकवाव्यात. मिरचीस दिवसातून किमान सहा तास ऊन लागते. उन्हाची जागा थोडी असल्यास कुंड्यांची संख्या कमी करावी, अंतर कमी करू नये.

शेतातील अंतर

शेतातील अंतर वाणाच्या वाढीवर, जमिनीच्या मगदुरावर व पाण्याच्या सोयीवर अवलंबून असते. महाराष्ट्रात प्रचलित असलेली अंतरे व त्यांनुसार बसणारी रोपे पुढे दिली आहेत.

कोष्टक २ : लागवडीचे अंतर व रोपांची संख्या

७५ × ६० सें.मी. (भारी जमीन, उंच व पसरट वाण) : हेक्टरी २२,२२२, गुंठ्यास २२५.
६० × ६० सें.मी. (मध्यम ते भारी जमीन, उंच वाण) : हेक्टरी २७,७७७, गुंठ्यास २८१.
६० × ४५ सें.मी. (बागायती, बुटके वाण) : हेक्टरी ३७,०३७, गुंठ्यास ३७५.
४५ × ४५ सें.मी. (कोरडवाहू) : हेक्टरी ४९,३८२, गुंठ्यास ५००.

पाणी कमी असताना कोरडवाहू मिरचीची झाडे जवळ का लावावीत, असा प्रश्न साहजिकच विचारला जातो. कोरडवाहू जमिनीत झाडाची वाढ ओलीमुळे मर्यादित राहते व त्याचा विस्तार एका हाताच्या पलीकडे क्वचितच जातो. अशा झाडांमध्ये दोन फूट जागा ठेवल्यास मधली जमीन उघडी राहून तापते, ओल उडते व तण माजते. तेच अंतर पाणभरत्या काळ्या जमिनीत ठेवल्यास मात्र अनर्थ ओढवतो. म्हणून शेजारच्या शेतातील अंतर पाहून आपले अंतर ठरवू नये. आपली जमीन, आपले पाणी व आपले वाण पाहून ठरवावे.

झाडांची संख्या वाढवली म्हणजे उत्पन्न त्याच प्रमाणात वाढते, ही समजूत बरोबर नाही. अंतर कमी करीत गेल्यास काही मर्यादेपर्यंत एकरी उत्पन्न वाढते, कारण जमीन लवकर झाकली जाते. त्या मर्यादेपुढे प्रत्येक झाडाचे उत्पन्न घटते व एकूण उत्पन्न स्थिर राहते. रोपांचा खर्च मात्र वाढतच जातो. ६० × ६० सें.मी. अंतरावर एका झाडास ३,६०० चौरस सें.मी. जागा मिळते, ४५ × ३० सें.मी. अंतरावर ती १,३५० वर येते.

दाटीचे खरे नुकसान पावसाळ्यात दिसून येते. ओळी मिटल्या की आत दमटपणा कोंडतो, पाने उशिरापर्यंत ओली राहतात आणि फळे सडणे व फांद्या शेंड्याकडून वाळणे हा रोग फैलावतो. लाल होऊ लागलेल्या फळांवर खोलगट काळपट डाग पडतात व वाळवलेल्या मालाची प्रत उतरते. दाट पिकात फवारणीचे औषध वरच्या पानांवरच राहते, आतील फुलांपर्यंत पोहोचत नाही. २०२१-२२ च्या हंगामात आंध्र प्रदेश व तेलंगणातील मिरचीवर बाहेरून आलेल्या फुलकिड्याच्या एका जातीने मोठे नुकसान केले. ही कीड फुलांत दडून राहते. अशा किडीपुढे फवारणी आत पोहोचू न देणारे दाट पीक अधिकच असहाय ठरते.

तोडणीचाही विचार अंतर ठरवताना करावा. हिरव्या मिरचीच्या अनेक तोडण्या होतात व तोडणीच्या मजुरीवर मोठा खर्च होतो. दोन ओळींतून बाईला टोपली घेऊन बसता-उठता आले नाही, तर काम मंदावते व ठिसूळ फांद्या मोडतात. चौरस अंतराने, म्हणजे ६० × ६० किंवा ४५ × ४५ सें.मी. वर, उभ्या-आडव्या रेघा पाडून फुलीवर रोप लावल्यास पीक लहान असताना दोन्ही दिशांनी कोळपणी करता येते व खुरपणीची मजुरी वाचते.

ठिबक सिंचनावर गादीवाफे करणाऱ्यांनी दोन वाफ्यांच्या मध्यांत १५० सें.मी. अंतर ठेवून प्रत्येक वाफ्यावर दोन ओळी, रोपांत ४५ सें.मी. अंतर राखून, एकाआड एक अशा नागमोडी रीतीने लावाव्यात. यात हेक्टरी सुमारे २९,६०० रोपे बसतात. ही संख्या ६० × ६० सें.मी. पेक्षा थोडी अधिक आहे. तरीही दोन वाफ्यांमधील रुंद पाटामुळे हवा खेळती राहते व तोडणीस वाट मिळते.

वीस गुंठ्यांचा हिशेब

रोपवाटिका टाकण्यापूर्वी हिशेब कसा करावा, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, वीस गुंठे बागायती क्षेत्रात बुटक्या वाणाची लागवड ६० × ४५ सें.मी. वर करावयाची आहे. गुंठ्यास ३७५ प्रमाणे ७,५०० रोपे लागतील. मर-तुटीची जागा भरण्यासाठी दहा टक्के अधिक धरल्यास ८,२५० रोपे होतात. विरळणी केलेल्या गादीवाफ्यावर १,२०० रोपे मिळतात. म्हणजे सात वाफे पुरेसे होतील. ट्रेमध्ये शंभर बियांपैकी ८५ चांगली रोपे मिळतात असे धरल्यास ९,७०० कप्पे, म्हणजे ९८ कप्प्यांचे शंभर ट्रे लागतील. त्यासाठी बियाणे सुमारे ६५ ग्रॅम पुरते.

तेच क्षेत्र ६० × ६० सें.मी. वर लावल्यास ५,६२० रोपे व दहा टक्के धरून सुमारे ६,२०० रोपे लागतात. दोन अंतरांतील फरक दोन हजार रोपांचा आहे. विकतच्या रोपांच्या स्थानिक भावाने त्यास गुणल्यास अंतराचा निर्णय रुपयांत दिसू लागतो. हा गुणाकार रोपांची मागणी नोंदवण्यापूर्वी करावा. रोपे घरी आल्यानंतर ती वाया जाऊ नयेत म्हणून अंतर कमी केले जाते, आणि हंगामभराचे नुकसान एका दिवसात पत्करले जाते. उरलेली रोपे बांधावर, परसात वा शेजाऱ्यास द्यावीत. ओळीत कोंबू नयेत.

गावपातळीवरील प्रात्यक्षिक

हा विषय सांगण्यापेक्षा दाखवल्याने अधिक पटतो. गावपातळीवरील कार्यकर्त्याने दोन साधी प्रात्यक्षिके योजावीत.

पहिले प्रात्यक्षिक ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या आवारात करावे. एकाच वाणाची, एकाच दिवशी पेरलेली रोपे ८, १० व १२ इंची कुंड्यांत प्रत्येकी तीन लावावीत. मिश्रण, ऊन व पाणी देण्याची वेळ सर्वांस सारखी ठेवावी. झाडे फुलावर आली की कोणत्या कुंडीतील झाड दिवसाच्या कोणत्या वेळी मलूल होते, ते आठवडाभर लिहून ठेवावे. पुढे प्रत्येक तोडणीचे वजन कुंडीनुसार नोंदवावे.

दुसरे प्रात्यक्षिक एखाद्या उत्सुक शेतकऱ्याच्या शेतात करावे. एकेक गुंठ्याचे तीन तुकडे आखून त्यांत ६० × ६०, ६० × ४५ व ४५ × ४५ सें.मी. वर लागवड करावी. खत व पाणी सारखे द्यावे. लागलेली रोपे, तोडणीस लागलेला वेळ, मिळालेली मिरची व डागी मिरची यांच्या नोंदी चार रकान्यांत ठेवाव्यात. मधल्या ओळींचेच वजन विचारात घ्यावे. कडेच्या झाडांस बाहेरचे ऊन व माती जादा मिळत असल्याने ती फसवा आकडा देतात. हंगामाच्या शेवटी हा कागद चावडीवर वाचून दाखवावा आणि त्या गावच्या जमिनीस व पाण्यास कोणते अंतर लाभते, याचा निर्णय शेतकऱ्यांनीच करावा.

खरीप लागवडीची रोपे मे-जूनमध्ये व उन्हाळी लागवडीची थंडीच्या अखेरीस टाकली जातात. त्यापूर्वी पंधरा दिवस अगोदर जमिनीची खोली पाहणे, वाणाची वाढ विचारून घेणे, अंतर ठरवणे व त्यावरून रोपांची संख्या काढणे ही चार कामे उरकून घ्यावीत. परसबागेसाठी भांडी जमवून त्यांची मापे घेण्याचे कामही याच दिवसांत करावे.